वाढत्या अंगाचा फ्रॉक

हे खरं आहे. तुम्हाला पटो न पटो. ते फ्रॉक आजही आत्याच्या कपाटात आहेत, आणि मी ते हातात घेऊन पाहिलेत.

आत्याने आणि बाबांनी मला हे वेगवेगळं सांगितलं. भाजीत मीठ होतं की नव्हतं, यावरही या बहीणभावाचं कधी एकमत होत नाही. यावर झालं.

रात्रीची वाट पाहू नका, यात रात्र नाही. सगळं घडलं ते बुधवारी, भर दुपारी, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. बाहेर लख्ख ऊन होतं.

आजी शिवणकाम करायची. चाळीस वर्षं पायमशीन चालवलं. अख्ख्या गल्लीचे खांदे आणि कंबरा तिला तोंडपाठ; माप म्हणून कधी कागदावर उतरवलं नाही. मग तीन वर्षांपूर्वी तिची आठवण उसवायला लागली. आधी एखादा टाका, मग टीप, मग सगळी शिवणच. शेवटी सांभाळणारी मुलगीही तिला अनोळखी झाली.

"बाई, तुमची आई बरी आहे ना?" ती आत्याला विचारायची.

"बरी आहे. जरा हट्टी आहे."

"सगळ्यांच्या आया तशाच."

आत्या हसायची. मग न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन यायची.

पण हात... हात काही विसरले नव्हते. मशीनपुढे बसवलं की पाय आपोआप लयीत हलायचे, अंगठा कापडावर टेकायचा. आत्या चष्म्याच्या दुकानात कामाला. दोनला घरी आली की ती आजीसमोर एखादी जुनी चादर ठेवायची. म्हातारं माणूस गुंतलेलं बरं.

त्या बुधवारी चादरीचा फ्रॉक झाला.

सात वर्षांच्या मुलीला बसेल एवढा. आमच्या घरात त्या वयाचं कुणीच नाही.

खालची दुमड चांगली चार बोटं. शिंप्यांची रीतच आहे ती, लेकरांचं सगळं वाढत्या अंगाचं शिवायचं. पोर उंच झालं की दुमड सोडायची, फ्रॉक आणखी वर्षभर चालतो.

कुणासाठी गं, आत्याने विचारलं.

"येईल की आता. तीनला सुटते."

घड्याळात तीन वाजले.

आणि जिन्यावर... पावलं वाजली.

लहान पावलं. धावत. एक पायरी सोडून एक.

दारापर्यंत आली. थांबली.

बेल वाजली नाही.

आत्याने दार उघडलं. जिना रिकामा. खाली झेरॉक्सवाला डबा उघडून बसला होता. कुणी वर आलं का, विचारलं, तर म्हणाला, या उन्हात माशीसुद्धा फिरकली नाही.

आत्या मागे वळली. आजी दाराकडे बघून हाक मारत होती...

आत्याच्याच नावाने.

कित्येक महिन्यांनी आईच्या तोंडी आपलं नाव. आत्याला भरून आलं. ती धावली, आजीसमोर बसली. आई, मी इथे आहे.

आजीने तिला हलकेच बाजूला सारलं. तिच्यामुळे दार दिसत नव्हतं म्हणून.

फ्रॉक खुंटीवर टांगला. सकाळी आत्याने पाहिलं तर तो... वापरलेला होता.

कोपरांशी चुण्या. बाहीवर शाईचा डाग. काखेत कोवळ्या घामाचा वास, धावून आलेल्या लेकराच्या अंगाला येतो तसा.

आत्या घाबरट नाही. रोज लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारी बाई ती. तिने फ्रॉक धुतला, वाळवला, पुन्हा टांगला. पुढच्या बुधवारी पुन्हा पावलं. पुन्हा चुण्या.

चौथ्या बुधवारनंतर फ्रॉकची दुमड सोडलेली होती.

घरात कुणी तिला हात लावला नव्हता. जुन्या घडीची रेघ तेवढी कापडावर उरली होती.

आजीने लगेच दुसरा कापायला घेतला. हा पहिल्यापेक्षा तीन बोटं लांब.

आत्याने बाबांना फोन केला. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आठव्या मजल्यावरून दोराला लटकतात आणि जोक सांगतात. पण हे ऐकून त्यांनी जोक केला नाही.

म्हणाले, मशीन भंगारात दे. आईला सुई लागेल.

"चाळीस वर्षांत नाही लागली ती आता लागेल?"

पुढच्या बुधवारी बाबा स्वतः मशीन न्यायला आले. अडीच वाजले होते. आत्या मशीनसमोर उभी राहिली. आईजवळ आता एवढंच उरलंय, हेही नेणार का, असं तिने खडसावलं. बाबा म्हणाले, तुला काही माहीत नाही. आत्या उसळली.

"मला माहीत नाही? जन्मापासून आईजवळ आहे मी. शाळेच्या पायऱ्यांवरून पडले, मोजा रक्ताने भिजला. आई म्हणाली, ये, मशीनवर शिवून टाकते गुडघा. तेसुद्धा आठवतं मला."

बाबा हळूच म्हणाले, "कुठला गुडघा?"

आत्याने साडी वर केली. उजवा पाहिला. डावा पाहिला.

दोन्ही गुडघे... कोरे. व्रण नाही. साधा ओरखडा नाही.

"ती तू नव्हतीस," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याआधी एक मुलगी होती. सात वर्षांची. तीनला शाळा सुटायची. एक दिवस रस्ता ओलांडताना गाडी आली आणि ती घरी आलीच नाही. आजोबांनी फोटो जाळले, शहर सोडलं, तिचा विषय बंद केला. बाबा तेव्हा चार वर्षांचे. ताई कुठेय विचारलं की सगळे सांगायचे, तुला स्वप्न पडलं असेल. वर्षभर सांगितलं. शेवटी त्यांनाही ते स्वप्नच वाटायला लागलं.

वर्षाने आत्या जन्मली. आजोबांनी तेच नाव ठेवलं.

म्हणजे हाक मारायची सोय झाली. आणि आजी धाकटीला मांडीवर घेऊन थोरलीच्या गोष्टी सांगत राहिली. तू अशी पडलीस, तू अशी रडलीस. ऐकता ऐकता गोष्ट अंगाला चिकटली. तिला रंग आला, रक्त आलं. एक्कावन्न वर्षं आत्या दुसरीचं दुखणं आपलं म्हणून सांगत होती.

"मेलेल्या लेकराला वाढतं माप देतात का कुणी?" बाबांचा आवाज फुटला. "आईच्या हातांना कळत नाहीये. ती मोठी होतेय गं तिकडे."

तीन वाजले.

जिन्यावर... पावलं.

आता एक पायरी सोडून नाही. दोन.

दारापाशी थांबली. बाबांनी कडीवर हात ठेवला. उघडू नकोस, म्हणाले. नाव तिचं आहे, ती जागा मागायला आलीय. तुझी जागा.

आत्याने त्यांचा हात काढला आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

बाहेर कुणी नव्हतं. वाराही नव्हता. पण उंबऱ्यावर... शाईचा वास होता.

आत्या उंबऱ्याशी सरकली.

"ये आत. बावन्न वर्षं तुला बाहेर ठेवलं, यापुढे नाही. नाव तुझं, मला माहीत नव्हतं. आता दोघींचं. गुडघा तुझा, ते रक्त तुझं, तुझं तू घे. पण बाकीचं आयुष्य मी जगलेय. त्यातला एक दिवस देणार नाही. आईपासून मी हलणार नाही, आणि तुलाही कुणाला हलवू देणार नाही."

मग बाबांकडे वळून म्हणाली, "दादा, हाक मार तिला."

बाबांच्या तोंडी ते नाव रोजचं होतं. तरी त्या दिवशी ते निघता निघेना. शेवटी निघालं. पाठोपाठ, "ताई."

मशीनजवळचं स्टूल... बोटभर सरकलं.

आजीने मान वर केली नाही. टीप चालू होती. नुसती म्हणाली, हातपाय धुऊन ये आधी.

आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, माझंही माप घ्या. आजीने टेप घेतली, खांदे मोजले, पाठ मोजली. मानेपाशी तिचा हात जरा थांबला.

"तुमचं अंग काही आता वाढायचं नाही, बाई," आजी म्हणाली. "तुमचं बेताचं शिवते."

तो ब्लाउज आत्या अजून घालते. इतका नेमका आहे, की श्वाससुद्धा मोजून घ्यावा लागतो.

मशीन घरातच आहे. दर बुधवारी तीनच्या आधी आत्या दार उघडून ठेवते आणि बाबा लिफ्टचं काम टाकून येऊन बसतात. पावलं येतात. आता ती धावत नाहीत, सावकाश चढतात.

गेल्या आठवड्यात मी कपाट उघडलं. शेवटचा फ्रॉक माझ्या खांद्यांना आला. माझं वय चोवीस.

मी आत्याला विचारलं, हे कुठवर वाढणार? ती तुझ्या मापाला पोचली तर?

आत्या चष्मा पुसत होती.

"मग एकमेकींकडे सरळ बघता येईल," ती म्हणाली. "दार मी लावणार नाही."