अर्धा सूर खाली

पियानोची तार तुटते तेव्हा कुणीतरी रागाने दार आपटल्यासारखा आवाज होतो. मी गाण्याच्या वर्गाबाहेर ओली छत्री झटकत होते, ती तशीच टाकून आत धावले. पियानोच्या उघड्या पोटात डोकं खुपसून एक लांबलचक माणूस उभा होता. मनगटावर रक्ताची बारीक रेघ, आणि चेहऱ्यावर सगळा गुन्हा पियानोचाच असल्याचा भाव.

"फार नाजूक आहे हो तुमचा पियानो, बाई."

"इतकी वर्षं शाळेतली पोरं बडवतायत त्याला. तेव्हा नाही मोडला."

आमचा म्हातारा ट्यूनर काम सोडून गेला होता आणि त्याच्या जागी हा नवा आला होता. मी एक पट्टी दाबली नि दचकलेच. अख्खा पियानो अर्धा सूर वर चढवून ठेवला होता. कार्यक्रम तोंडावर आलेला, आणि या उंचीवर गायचं म्हणजे पोरांचे गळे फाटायचे.

"चढलाय," मी म्हणाले.

"नाही हो."

"अहो, चढलाय."

"माझा कान आजवर चुकलेला नाही." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं, की रागावायच्या ऐवजी मला हसूच आलं.

मी त्याच्या पेटीतला पोलादी काटा उचलला. हा आपटला की एकच ठरलेला सूर देतो, आणि ट्यूनर लोक त्यावरूनच सगळी वाद्यं लावतात. गुडघ्यावर आपटून मी तो त्याच्या कानाशी धरला.

"तो बिघडलाय," तो म्हणाला. "पडला असेल कुठेतरी. हल्ली खालचाच सूर देतो. म्हणून मी कानावरच लावतो."

"पोलाद बिघडलं, आणि कान तेवढा शाबूत?"

शाळेच्या कपाटातून मी दुसरा काटा काढला. मग फोनवर तोच सूर वाजवून दाखवला. तिन्ही आवाज एकच बोलत होते. तो ऐकत गेला, ऐकत गेला… आणि पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. एवढा मोठा माणूस एवढासा झाला. मला माझ्या जिभेचा राग आला.

"कधीपासून असं होतंय?" मी जरा नरमाईने विचारलं.

"गोळी बदलल्यापासून." मग दाराकडे बघत, हळूच, "फिट येतात मला. आधीच्या गोळीने अंगभर पुरळ उठलं, श्वास अडकला. ही मानवली. एकही फिट नाही."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"काय सांगू? फिट गेल्या पण सूर उतरला? वेड्यात काढतील."

माझ्या आईला रक्तदाबाच्या गोळीने असाच खोकला धरला होता. आम्ही घरभर धूळ शोधत बसलो, आणि शेवटी दवाखान्याच्या अ‍ॅपवर डॉक्टरांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. त्याच्या फोनमध्येही त्याच्या दवाखान्याचं अ‍ॅप होतं, पण गोळीची आठवण करून देण्यापलीकडे त्याने त्याला कधी तोंड उघडू दिलं नव्हतं. आम्ही ते उघडलं. 'औषधाने काही त्रास?' खाली मळमळ, चक्कर, गुंगी, पुरळ. सूर कुठेच नाही. मी 'इतर' दाबलं.

"लिहा," तो म्हणाला, "सगळं जग अर्धा सूर खाली गेलंय."

"डॉक्टरांना कविता नाही पाठवायची."

"मग तुम्हीच लिहा, बाई. तुम्हाला सगळंच येतं."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं. "या गोळीने क्वचित असं होतं. तुम्हाला वेड लागलेलं नाही. स्वतःहून गोळी बंद करू नका. आपण ती हळूहळू बदलू." त्यातलं वेड न लागल्याचं वाक्य त्याने मला फोन करून वाचून दाखवलं, आणि मग पुन्हा एकदा वाचलं.

ते 'हळूहळू' काही महिने चाललं. तोवर पोटापाण्याचं काय? तर तो तारा ताणायची किल्ली फिरवायचा आणि मी शेजारी उभी राहून सांगायचे — वर… अजून… थांबा, खाली. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याचा फोन यायचा, "कान मोकळे आहेत का आज?" मी परक्यांच्या बैठकखोल्यांत, परक्यांच्या पियानोंपाशी उभी राहायचे, आणि तो डोळे मिटून माझ्या आवाजावर हात चालवायचा. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही, पण आईला कळलं. "पियानोवाला येणार असला की तू आरशासमोरून हलत नाहीस," ती म्हणाली.

एकदा आमच्याच घरच्या पियानोपाशी, खिडकीवर पाऊस टिपटिपत असताना, त्याने किल्ली खाली ठेवली.

"एक सांगू? तू बोलतेस ना, ते मला खालून ऐकू येतं. खोल… उबदार. गोळी पूर्ण बदलली की हे जाणार. म्हणून आधीच सांगून ठेवतो, मला हा आवाज आवडतो."

"फक्त आवाजच?"

"बाकीचं गोळीवर अवलंबून नाही."

मी काही तरी फटकळ बोलणार होते. पण त्याने माझा हात धरला, आणि तो मी सोडवून घेतला नाही.

नवी गोळी पूर्ण सुरू झाली आणि त्याचा कान परत आला. त्या दिवशी तो लहान मुलासारखा घरभर काटा वाजवत फिरला. आमचा पियानो त्याने एकट्याने, मला तोंड उघडू न देता लावला. मग मी "झकास" म्हणाले, तर माझ्याकडे बघतच राहिला.

"अरे… एवढा बारीक आवाज आहे तुझा?"

आम्ही पोट धरून हसलो. मला थोडंसं लागलं होतं, ते मी हसण्यात घालवलं.

मग त्याला राग येऊ लागला. आधी किल्लीवर, मग माझ्यावर. आईचा चमचा कपावर वाजला म्हणून तो तिच्यावर असा ओरडला की तिच्या हातातून कप निसटला. नंतर तुकडे वेचताना त्याचेच डोळे भरून आले होते. "हा असा नाही गं," आई मला म्हणाली. "याच्या अंगात दुसरंच कुणी शिरलंय." मला ते माहीत होतं. अ‍ॅप दर आठवड्याला विचारायचं, काही त्रास? आणि तो दाबायचा, नाही.

एके दिवशी त्यावर नवा प्रश्न आला — 'घरच्या माणसाला काय जाणवतं?' त्याने फोन माझ्या हातात दिला.

"माझ्या घरची तूच. लिही, सगळं उत्तम."

'माझ्या घरची तूच', या एका वाक्यासाठी मी काहीही दिलं असतं. इतके दिवस तेच ऐकायची वाट बघत होते, आणि ते असं हातात आलं. मी लिहिलं आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाचलं.

"चिडतो. पूर्वी असा नव्हता. माझं त्याच्यावर प्रेम आहे, आणि मला त्याची भीती वाटायला लागली आहे."

तो भिंतीला टेकला. मला वाटलं, आता ओरडेल. तो एवढंच म्हणाला, "पाठव."

डॉक्टरीणबाई व्हिडिओवर आल्या. हा राग या गोळीचाच, म्हणाल्या. मात्रा कमी केली तर फिट परत येण्याचा धोका. पुरळ उठलेली गोळी पुन्हा देता येणार नाही, आणि बाकीच्या त्याच्या फिटला उपयोगाच्या नाहीत. राहिल्या दोन. एकीने सूर जातो, एकीने स्वभाव. "तुम्ही दोघं बोला, मग ठरवा," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

आम्ही बोललो. म्हणजे मीच बोलले. सूर जातो ती घे, मी आहे ना, जन्मभर तुझा कान होईन. तो हात जोडून ऐकत होता.

"तू वर म्हणशील, मी वर करीन. खाली म्हणशील, खाली करीन. काम होईल गं. पण मला स्वतःला कधीच कळणार नाही की लागलंय. सूर गेला तर मी कोण उरतो?"

"आणि मी गेले तर?"

तो रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "मी तुझ्यावर ओरडतो ना, तेही मला आता अगदी नेमकं ऐकू येतं. ते ऐकत तू जगावंस असं मला नाही वाटत. आज शांत आहे तोवर जातो. चिडलेला असताना गेलो तर तुला तेच लक्षात राहील."

तो गेला. किल्ली, काटे, सगळं व्यवस्थित पेटीत भरून गेला. जाताना आईच्या पाया पडला, आणि ती "जेवून तरी जा रे" एवढंच म्हणत राहिली.

शाळेचा पियानो अजून तोच लावतो, सुट्टीत, मी नसताना. सुट्टी संपवून परत आले की एकेक पट्टी स्वच्छ वाजते. तो बरा आहे आणि काम करतोय, एवढं मला त्यावरून कळतं. घरच्या पियानोला मात्र मी कुणाला हात लावू दिलेला नाही. न लावलेल्या तारा सैलावत जातात, दर पावसाळ्यात थोड्या आणखी.

"कानाला टोचतं गं हे," आई परवा म्हणाली. "एवढी गाण्याची शिक्षिका तू. बोलव ना कुणाला तरी."

"उतरू दे," मी म्हणाले.

अजून पुरता अर्धा सूर उतरलेला नाही. पण रोज संध्याकाळी मी त्यावर एक पट्टी दाबते, तिच्या सुरात सूर मिळवून बोलून बघते, आणि तेव्हा मी त्याला कशी ऐकू येत होते ते मला थोडं थोडं ऐकू येतं. खोल होता माझा आवाज. उबदार होता.