पश्चिमेच्या खोलीचे गुण

भर मे महिन्यात, लख्ख उन्हात, रुद्राणी नखशिखान्त भिजली.

गंगाखेडला मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम चाललं होतं. ती भिंतीकडेने चालली असताना गच्चीच्या पाइपातून भदाभदा पाणी तिच्या डोक्यावर आलं. वरून एक चेहरा डोकावला.

"ओ मॅडम, सरका की!"

"आता सरकून काय करू?"

तो चेहरा धावत खाली आला. तो होता शिवकांत, इथला तरुण इंजिनिअर.

"पावसाचं पाणी टाकीत जाईल का, ते गच्चीवर पाणी सोडून बघायलो होतो..." तो ओशाळून म्हणाला. "खालचा पाइप जोडायचा राहिलाय."

"कळलं मला," केस पिळत ती म्हणाली. "मी परभणीहून आलेय. तुमच्या इमारतीला गुण द्यायला."

"मग... झालं की आमचं कल्याण!"

इमारतींचीही परीक्षा असते, बरं का. पाणी किती साठवलं, उजेड किती आत घेतला, ऊन किती बाहेर ठेवलं, या सगळ्याला गुण मिळतात आणि गुणांवरून तारे. शिवकांतची ही पहिलीच इमारत. पाच तारे मिळाले, तर पुढच्या वसतिगृहाचं काम त्यालाच मिळणार होतं.

रुद्राणी मग वरचेवर एसटीने येऊ लागली.

"या परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटा. हात लावून बघा, कशा गार हायत."

"आत्ताच पाणी मारलंय तुम्ही."

"तुमाला फसवणं लय अवघड हाय."

"मग फसवता कशाला?"

"तुमी हसता म्हणून..."

ती विटांकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

शेवटच्या तपासणीला दोघं पश्चिमेच्या खोलीत टेप धरून उभी होती. खिडकीवरचा छज्जा नकाशापेक्षा वीतभर आखूड निघाला. म्हणजे एक तारा जाणार! रुद्राणीने टेपच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. त्याच्या भुवयांवर सिमेंटची धूळ बसली होती... तिने हळूच नजर वळवली.

"चला, पुढची खोली बघू."

"मॅडम, तुमी लिहिलं न्हाई."

"वीतभरच तर आहे."

"दुपारी एखादी पोरगी हितं अभ्यासाला बसंल. तेवढं ऊन तिच्या डोळ्यावर येईल." त्याचा आवाज मऊ झाला. "लिहा. तारा गेला तर जाऊ द्या."

तिने लिहिलं. मग खिडकीशी जाऊन आपल्या साहेबांना फोन लावला.

"जीवन सर, गंगाखेडचं वसतिगृह दुसऱ्या कुणाला द्या. मला नाही जमणार."

"का? बांधकामात गडबड आहे?" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"छज्जा कमी आहे, तो लिहिलाय. पण..." ती वळली. शिवकांत टेपचं टोक धरून तसाच उभा होता. "गडबड माझ्यात झालीय, सर."

फोन बंद झाला. शिवकांत टेप गुंडाळत पुढे आला.

"म्हणजे... आता तुमी येणार न्हाई?"

"तपासायला नाही. रविवारी तुम्हीच परभणीला या, आमच्या घरी. बाबा विचारतील, मुलगा कसा आहे?"

शिवकांतचे कान लाल झाले. "अन् तुमी काय सांगणार?"

"जे बघितलं ते." ती हसत दाराकडे निघाली. "पण आधी तेवढा छज्जा वाढवून घ्या. आता येणारे साहेब लय कडक हायत!"