मोहांना वळसा घालून गेलेली पाइपलाइन

फुटलेल्या पाइपावर वाकून एक खाकीवाला मजेत तोंड धूत होता. माझं डोकंच फिरलं.

"ओ भाऊ! गावाचं प्याचं पानी हाय ते!"

तो दचकून वळला. पापण्यांवरून पाणी ओघळत होतं… आणि वर हसत होता!

"वायाच जाऊन राह्यलं होतं, बाई. मी श्रावण, नवा वनपाल. तुमच्या लाइनची पाहणी कराले आलो."

म्हणजे आमची फाइल अडवणाऱ्या खात्याचाच! मी सत्यशीला, पाणीपुरवठ्याची ओव्हरसीअर. जंगलाचा नवा कायदा आल्यापासून सिंदेवाहीकडे गंजका पाइप बदलायलाही परवानगी लागायची. तोवर बायकांनी नाल्यातली वाळू उकरून पाणी भरायचं!

"अहवालावर सही करा अन् जा."

"नाई जमत. तुमच्या हापिसानं नवी लाइन सरळ मारली. मोहाची सारी झाडं कटतात."

नकाशा पाहिला… खरंच की! इथं घरागणिक मोह वाटलेले. ज्याचं झाड, फुलं त्यानंच वेचायची. म्हणून तर जुनी लाइन वळसे घेत गेलेली. आणि आमच्या साहेबांनी खुर्चीत बसून पट्टीनं सरळ रेघ ओढली होती! साहेबांशी कडाकडा भांडून मी लाइन जुन्या पाइपाच्याच चरावर आणली.

मग रोज मोजणी. फितीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"ताणून धरा की जी!"

"धरतो… पन तुमी पाहता अन् हात ढिला पडते."

मी रागानं मान फिरवली. हसू लपवायचं होतं ना!

शेवटच्या दिवशी अहवालावर सही करताना त्याचं पेन थबकलं. "लोक म्हनतील, पोरीनं भुलवून सही काढली. तुमचं नाव खराब होईल. पाहणी दुसऱ्याले देतो."

"म्हंजे अजून एक उन्हाळा कोरडा? लोकायच्या तोंडासाठी गावाले तहानेनं मारता?"

सकाळी मी अख्खं गाव चरावर उभं केलं. प्रत्येक बाई आपापल्या मोहाखाली.

"तुमचं झाड कटते का?" श्रावण विचारत गेला.

"नाई!" शेवटच्या मोहाखालच्या अंजनाबाईनंही सांगितलं. साऱ्यांदेखत त्यानं सही केली.

"पाह्यलं साऱ्यांनी?" मी गावाकडे वळले. "आता आइका. मले हा मानूस आवडते! कोनाले काही म्हनाचं असन तं माह्या तोंडावर म्हना!"

श्रावणचे कान लालेलाल.

"आमी काय म्हनाव?" अंजनाबाई हसली. "त्याले तं इचार."

"मले तं… पहिल्या दिवसापासून…"

"मंग इतके दिवस बोलले काऊन नाई जी?" मी ओरडले, आणि रडूच फुटलं. गावादेखत त्यानं माझा हात घट्ट धरला.