गर्दीतल्या माणसांचं बोलणं

त्या शुक्रवारी मी श्रवणयंत्राचे सेल आणायला निघालो आणि निजामपुऱ्याच्या कोपऱ्यावर पोचल्यावर आठवलं, की आज शुक्रवार. भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात आणि आमच्या बाजूची अर्धी दुकानंही. छत्तीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात कारकुनी केलेल्या माणसाला हे आठवायला कोपऱ्यापर्यंत चालावं लागलं, यावरून माझी तेव्हाची अवस्था समजून घ्या. बायकोला जाऊन चार महिने झाले होते. लोक विचारत, कसं वाटतंय. काहीच वाटत नव्हतं. दात काढल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग दुसऱ्याचं वाटे. पण असं सांगितलं की लोक काळजीने बसून राहतात, म्हणून मी 'ठीक' म्हणायचो.

सेल न घेताच परत आलो आणि टीव्ही लावला.

टीव्ही का, ते सांगतो. गोदूने, म्हणजे माझ्या बायकोने, कधीतरी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतून एक यादी उतरवून ठेवली होती. आयुष्यात एकदा तरी पाहावेत असे अकरा सिनेमे. कापडाच्या ताक्यांवर चिकटवायची उरलेली लेबलं मी घरी आणत असे. त्यांच्या कोऱ्या बाजूला, एका लेबलावर एक नाव. देशातले, परदेशातले, सगळे जुने, सगळ्या जगाने पाहिलेले. आम्ही एकही पाहिला नव्हता. ती विचारायची, मी म्हणायचो, "पुढच्या शुक्रवारी." शुक्रवारी माग बंद, म्हणून मालक नेमका त्याच दिवशी दप्तर आवरायला बोलवायचा. असे सुमारे अठराशे शुक्रवार मी पुढे ढकलले.

मुलगी मृणाली काल्हेरला राहते. आईचं कपाट आवरताना लेबलं तिच्या हाती लागली. तिने सगळे सिनेमे टीव्हीवर शोधून ओळीने लावून दिले. "बाबा, दर शुक्रवारी एक बघा. आईसाठी." गेलेल्या माणसासाठी सिनेमा कसा बघतात हे मला माहीत नव्हतं, पण वेळ होता.

तीन पाहून झाले होते. पहिल्यात नायकाची आई शेजारच्या खोलीत शेवटच्या घटका मोजत असताना तो झाडाखाली उभा राहून चार मिनिटं गातो. दुसऱ्यात एक माणूस एकच पत्र पाऊण तास वाचतो; आमच्या कारखान्यात असा कारकून दुपारपर्यंत टिकला नसता. तिसरा परदेशी होता. त्यात सगळे खिडकीतून बाहेर बघत होते, तेव्हा मीही माझ्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

चौथा लावला तो सेल संपलेले असताना. यंत्र काढून ठेवलं. मला त्याची फारशी अडचण नसते. शंभर माग चालू असलेल्या शेडमध्ये कोणी कोणाला हाक मारत नाही. तिथं ओठांनीच बोलतात, आवाज न काढता, तोंड जरा जास्त उघडून. शेडच्या त्या टोकाकडून एखादा कामगार "मेहताजी, आपकी चाय में मक्खी नहा रही है" म्हणाला, की मला इकडे ते वाचता यायचं. कारकुनाला तिथं मेहताजी म्हणतात. माझे कान गेले ते त्या शेडमध्ये आणि ही विद्या आली तीही तिथंच.

दुपार होती. बाहेर माग बंद असले की भिवंडीत जी शांतता पडते ती बहिऱ्यालाही कळते. जमिनीची थरथर थांबते. गल्लीतून सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास येत होता. सिनेमात जत्रा चालली होती. नायकाकडे बघायला सगळं जग होतं, म्हणून मी गर्दीकडे बघत होतो. बांगड्यांच्या दुकानापाशी एक बाई उभी होती. जागा भरायला आणलेली, काम काही नसलेली. तिने मान वळवली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऐकलं का..."

गोदू मला अशीच हाक मारायची. पण अशी हाक मारणाऱ्या बायका महाराष्ट्रात कोटभर असतील. सिनेमा हिंदी असला तरी मुंबईत काढलेला, गर्दीला आणलेली माणसं परळ-लालबागची. ती काय संस्कृत बोलणार? तरी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. बाई होती. बांगड्या बघत होती. ओठ मिटलेले.

पुढच्या शुक्रवारी पाचवा. सेल आणले होते, घातले नाहीत. राजाच्या दरबारात चवरी ढाळणारा एक नोकर होता. त्याने हात थांबवला, माझ्याकडे बघितलं. "तुमच्या मागं..." एवढंच. मागे नेलं तर तो निमूट चवरी ढाळत होता.

आता इस्पितळातलं सांगावं लागेल.

शेवटच्या दिवशी वॉर्डात गोदूच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी तिच्याकडे तोंड करून स्टुलावर बसलो होतो. तिने डोळे उघडले. नजर माझ्या खांद्यावरून जरा वर गेली आणि ती काहीतरी म्हणाली. लांब वाक्य होतं. मास्कच्या आत वाफ धरली होती. ज्याने छत्तीस वर्षं ओठ वाचण्यात घालवली त्याला बायकोचं शेवटचं वाक्य वाचता आलं नाही. कमी ऐकू येणाऱ्यांना एक सवय असते. कळलं नाही की 'काय?' विचारायची लाज वाटते, म्हणून मान हलवून मोकळं व्हायचं. मी मान हलवली आणि म्हणालो, "हो."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. संध्याकाळी ती गेली.

आपण कशाला 'हो' म्हणालो, हे मला कळायचं राहून गेलं होतं. बाकी कशाचं काही वाटत नव्हतं, एवढंच टोचायचं.

सहावा सिनेमा परदेशी, मुका, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. बर्फात सैन्य चाललेलं. शेवटच्या रांगेतला एक दाढीवाला गोरा शिपाई थांबला, वळला आणि म्हणाला, "उभा हाय..."

परळ-लालबागचा हिशेब इथं संपला. गोदू वडप्याजवळच्या गावची. घरात पुस्तकं वाचणारा मी, पण ती जन्मभर 'हाय' आणि 'न्हाय'च म्हणत आली. मी त्या सिनेमाच्या लेबलावर, नावाखाली, ते दोन शब्द लिहिले. आधीच्या दोन लेबलांवरही त्यांचे त्यांचे शब्द लिहिले. घाबरायला हवं होतं, हे कळत होतं. चहा केला. प्यालो.

मंगळवारी घाई करून सातवा लावला. बाहेर माग खडखडत होते. गर्दी गर्दीसारखी वागली. शुक्रवारी तोच पुन्हा लावला, तेव्हा देवळाच्या पायरीवरचा म्हातारा म्हणाला, "त्यो..." आठव्यात शेतावर कापणी करणारी एक बाई विळा थांबवून म्हणाली, "इचारतोय..."

याच सुमारास पंखा बिघडला. म्हणजे बिघडला असं मला वाटलं. माझ्या खुर्चीच्या मागे, स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात उभा पंखा असतो. तो गरगर फिरत असायचा आणि माझ्या पाठीला वारा लागायचा नाही. डोक्यावरचे केस हलत, कानांना लागे, पाठ मात्र कोरडी गरम. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं. म्हणाला, "चाचा, पंखा तो टनाटन है. बीच में कुछ रखते हो क्या?" मी म्हणालो, काही नाही ठेवत.

नववा. कोणी बोललं नाही. बाजार होता, वरात होती, शेकडो माणसं होती. ती सगळी बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून, जरा वर. दहाव्याला मी खुर्ची ओढून भिंतीला टेकवली. पाठीशी भिंत, मध्ये बोट घालायला जागा नाही. त्या दिवशी गर्दीतली सगळी माणसं माझ्या डाव्या बाजूला बघत होती. खोलीत ओल्या रबराचा वास येत होता, मास्कला येतो तसा.

एकच सिनेमा उरला. एकदाच बोललं जाणार, मागे नेऊन उपयोग नाही, आणि माझा एक डोळा मोतीबिंदूचा. मास्कच्या वेळी चुकलं तसं या वेळी चुकलं तर विचारायला कोणी उरत नव्हतं. म्हणून मी केसरीनाथला बोलावलं. हा आमच्या कारखान्यातला जॉबर, माग दुरुस्त करणारा. ओठ माझ्याहून चांगले वाचतो. काल्हेरची जमीन गोदामांना दिल्यापासून गळ्यात साखळी आली आणि पोट पुढे आलं, बाकी तोच.

"काय रं मेहता, शिनेमाला बोलवतोस नि शेंगदानं पन न्हाय?"

"दोन गोदामं तुझी. तू आणायचेस."

"मंग आवाज लाव की."

"आवाज नाही लावायचा. गर्दीतलं कोणी बोललं तर मला सांग."

"गर्दीतलं? हिरोइन सोडून?"

"हिरोइन सोडून."

"वैनी गेल्यापासून तुजं काय खरं न्हाय," तो म्हणाला आणि सोफ्यावर पाय घेऊन बसला. गोदू असताना तो तिच्यापुढे नजर खाली घालून, पाय खाली सोडून बसायचा. खुर्ची मी पुन्हा पूर्वीच्या जागी आणली होती. त्याला काही सांगितलं नव्हतं.

दोन तास काही झालं नाही. केसरीनाथ मध्ये थोडा झोपला. माझी पाठ घामाने भिजली होती. शेवटी परदेशातलं बंदर आलं. बोट सुटणार, निरोप द्यायला माणसं जमलेली, रुमाल हलतायत. त्यांच्यामध्ये एक हमाल, डोक्यावरची टोपी हातात घेतलेला. तो हलत नव्हता. मला कळलं, हाच. त्याने मान वळवायला सुरुवात केली...

आणि मी खाली पाहिलं.

इतके शुक्रवार वाट पाहून मी माझ्या पायाच्या नखांकडे बघत बसलो. किती वेळ, माहीत नाही. केसरीनाथने गुडघ्यावर थापटलं तेव्हा मान वर केली. तो हसत होता.

"आपल्याकडचाच हाय रं तो. इतक्या लांब कसा गेला?"

"काय म्हणाला?"

"बोलला, घरी येऊ का?"

मी टीव्हीकडे पाहिलं, तर हमाल टोपी घालून उभा होता.

"कोनाला इचारतोय?" केसरीनाथ म्हणाला. "बाजूला तर कोन न्हाय त्याच्या."

लेबलं खिशात होती. काढायची गरज नव्हती. ऐकलं का... तुमच्या मागं उभा हाय... त्यो इचारतोय... घरी येऊ का? तिने निरोप पोचवला होता आणि मी मान हलवून 'हो' म्हणालो होतो. इस्पितळातून त्या रात्री मी एकटा रिक्षाने आलो होतो. सीटच्या एका कडेला बसून. का, ते आठवत नाही.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, ते असं, की हा प्रश्न गोदूने पुन्हा विचारला, एकेक माणूस पकडून, बर्फातून, जत्रेतून, म्हणजे पहिलं उत्तर तिला पटलं नव्हतं. उत्तर बदलायला तिने मला जागा दिली होती. आणि ते बदललं तर पुढच्या शुक्रवारी कोणी बोलणार नाही. यादी तशीही संपली होती.

मी वळलो नाही. समोर बघून, आवाज न काढता, शेडमध्ये म्हणतात तसं तोंड पूर्ण उघडून म्हणालो, "नाही."

केसरीनाथने ते वाचलं. "काय न्हाय?"

"चहा. दूध संपलंय."

"कंजूष मानूस. आधी सांगाचं ना."

पाठीला गार लागलं. वारा असेल, घाम असेल. केसरीनाथ उठला. मी त्याच्यामागे दारापर्यंत गेलो, उंबऱ्याच्या आत उभा राहिलो. बाहेर जिन्यापाशी त्याने एक चप्पल पायात घातली, दुसरी पायाने चाचपडत होता. चाचपडता चाचपडता तो भिंतीकडे सरकला. पोट आत घेऊन, अरुंद जिन्यात कोणी समोर आलं की सरकतो तसा. ओठ हलले, "सांभाळून." वर बघून, त्याच्याहून उंच माणसाला म्हणावं तसं. बाहेर जाणाऱ्याला वाट दिली की आत येणाऱ्याला, हे त्याच्या सरकण्यावरून कळेना. त्याचं त्याला काही जाणवलं असं दिसलं नाही. दुसरी चप्पल सापडली, पाऊल पुढे टाकलं.

मग ते पाऊल मागे घेऊन तो पुन्हा भिंतीला लागला. या वेळी फक्त नजर खाली घातली, माझ्या घरी आल्यावर तो एकाच माणसापुढे घालायचा तशी.