एका रांगेतले आरसे

आजोबांच्या आरशांच्या मैदानावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी हे सगळं अर्धवट टाकून पळून गेलंय. एका टोकाला उंच लोखंडी मनोरा आणि त्याच्या उत्तरेला पसरलेले तीनशे आरसे, एकेक दाराएवढा. पण एकाचंही तोंड शेजाऱ्यासारखं नव्हतं. एकाने मान वर केलेली, दुसरा उजवीकडे कललेला, तिसरा जवळपास आडवा. आमच्या वर्गाने अशी रांग लावली असती तर बाईंनी सगळ्यांना पुन्हा बाहेर काढलं असतं.

"आजोबा, सूर्य एक, मनोरा एक. मग आरशांची तोंडं तीनशे दिशांना का?"

"डोकं दिलंय ना तुला, कृत्तिका? मग ते वापर," आजोबा म्हणाले आणि चालू लागले. ते असेच बोलतात. गोड बोलायचा त्यांना कंटाळा येतो.

हे मैदान खानदेशातल्या एका विद्यापीठाच्या सौरऊष्मा विभागाचं. तेव्हा बसगाड्या चालकाशिवाय धावायला लागल्या होत्या, शाळेत हजेरी वर्गाचं दारच घ्यायचं आणि छपराछपरावर काळे सौरफलक (उजेडातून थेट वीज काढणारे तक्ते) आले होते. त्यामुळे ज्याला त्याला फलक विभागातच शिकायचं असायचं. सौरऊष्मा विभागात, म्हणजे उन्हातली उष्णता पकडून साठवायची विद्या जिथे शिकवतात तिथे, उरले होते आजोबा हे एक प्राध्यापक आणि वृंदाताई ही एक विद्यार्थिनी. तिसरा पुशा. आरसे पुसणारा यंत्रमानव म्हणून पुशा. आरसे वळवणाऱ्या मोटारींना हुकूमही तोच द्यायचा.

"सगळे फलक शिकतात, मग तू हे का शिकतेस?" मी वृंदाताईला विचारलं.

"कारण सूर्य मावळल्यावर भूक लागते," ती म्हणाली. "मी सातपुड्यातल्या आश्रमशाळेत वाढले. सरपण ओलं निघालं की रात्री आम्ही अर्धकच्चा भात खायचो. दिवसभर डोक्यावर एवढं ऊन, आणि रात्री चूल पेटत नाही. मला त्याचा फार राग यायचा. अजून येतो."

मग तिने मला मनोऱ्याखालची टाकी दाखवली. टाकीत मीठ होतं. खायचं नव्हे, खतासारखा दिसणारा एक पांढरा क्षार. दोनशेवीस अंशांच्या वर तापवलं की हे मीठ पाण्यासारखं पातळ होतं. तो त्याचा द्रवणांक (ज्या तापमानाला घन पदार्थ वितळतो ते). रोज सकाळी पंप ते पातळ मीठ मनोऱ्यावरच्या नळ्यांमध्ये चढवतो. तिथे तीनशे आरशांचा उजेड त्याला आणखी तापवतो आणि ते टाकीत परत येतं. टाकीला जाड गोधडी लपेटावी तसं आवरण आहे, त्यामुळे उष्णता निसटत नाही. संध्याकाळी त्या मिठाच्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर वसतिगृहाच्या मेसचा भात शिजवायचा. पहाटे मुलींच्या अंघोळीचं पाणी तापेपर्यंत साठा संपत येतो. तेवढ्यात पुन्हा ऊन येतं.

"आणि नळीत असताना मीठ गार झालं तर?" मी विचारलं.

"तर नळीत दगड होतो. त्याचं नाव काढू नकोस."

माझं कोडं मात्र तसंच होतं. शेवटी मी मेसमधून स्टीलच्या पाच सपाट ताटल्या आणल्या, विटांना टेकवून उन्हात एका रांगेत मांडल्या आणि सगळ्या अगदी एकसारख्या कलत्या ठेवल्या. समोरच्या भिंतीवर उजेडाचे पाच ठिपके पडले, शेजारी शेजारी. प्रत्येकावर हात ठेवून पाहिला. जेमतेम कोमट.

आजोबा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी खडूने भिंतीवर एक फुली मारली. "सगळे ठिपके इथे आण."

मी एकेक ताटली हलवायला लागले. मधली थोडीशीच वळवावी लागली. कडेच्या दोन पुष्कळ वळवाव्या लागल्या. पाचवा ठिपका फुलीवर आला आणि मी तिथे मेणबत्तीचा तुकडा धरला. थोड्या वेळाने मेण बोटांवर ओघळलं.

"आता ताटल्यांकडे बघ," आजोबा म्हणाले.

पाचही ताटल्या पाच दिशांना बघत होत्या. मैदानासारख्याच.

"आरशाने सूर्याकडे बघायचं नसतं आणि मनोऱ्याकडेही बघायचं नसतं," आजोबा म्हणाले. "दोघांच्या बरोबर मध्ये बघायचं. आपाती किरण (येऊन आदळणारा) ज्या कोनात येतो, त्याच कोनात परावर्तित किरण (उलटून जाणारा) दुसऱ्या बाजूला जातो. आता प्रत्येक आरसा वेगळ्या जागी उभा आहे. तिथून मनोरा वेगळ्या दिशेला दिसतो."

"म्हणून प्रत्येकाचं मधलं वेगळं."

"आणि सूर्य सरकला की तेही बदलतं. मिनिटामिनिटाला. हे ज्याला कळलं त्याला अर्धा अभ्यासक्रम कळला." आजोबांच्या तोंडून एवढं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याच आठवड्यात विद्यापीठाची तपासणी समिती येणार होती. समितीने सूर्यास्तानंतर मेसमध्ये वाफेवर भात शिजताना पाहिला, तर विभाग टिकणार होता आणि पुढच्या वर्षी नव्या मुली प्रवेश घेऊ शकणार होत्या. नाहीतर विभाग बंद. वृंदाताईच्या आश्रमशाळेतल्या दोघी जणी त्या प्रवेशाची वाट बघत होत्या.

समिती येणार म्हटलं की विद्यापीठाला काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले. रस्त्याकडेचे दगडसुद्धा रंगवले. ग्रंथालयाच्या कुंड्या प्रयोगशाळेत गेल्या आणि फलक विभागाच्या कुंड्या ग्रंथालयात आल्या. आदल्या संध्याकाळी कुलसचिवांनी (विद्यापीठाचा कारभार बघणारे अधिकारी) आजोबांना आणि वृंदाताईला स्वागताच्या बैठकीत बसवून ठेवलं. पुष्पगुच्छ कुणी द्यायचे यावर ती बैठक लांबत गेली.

सकाळी आम्ही मैदानावर गेलो. तीनशेच्या तीनशे आरसे एका रांगेत, एका कोनात, कवायतीला उभे राहिल्यासारखे. दिसायला फार छान दिसत होते. वृंदाताईने वर मनोऱ्याकडे पाहिलं. तिथे उजेडच नव्हता.

"पुशा, हे कुणी केलं?" आजोबांनी विचारलं.

"मी केलं, सर. काल संध्याकाळी कार्यालयातून हुकूम आला. आरसे विस्कळीत दिसतात, समितीसाठी एकसारखे करावेत. नंतर कुणी बिघडवू नये म्हणून कुलसचिवांनी स्वतःच्या सांकेतिक शब्दाचं कुलूप लावलं आहे."

"चुकीचं आहे हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, सर. मला विचारलं नव्हतं."

आजोबा धावत पंपाकडे गेले. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. पण पंप घड्याळावर चालायचा आणि तो ऊन वर येताच सुरू झाला होता. नळ्या गार असतील तर पंप आपोआप थांबवणारं एक साधं उपकरण आजोबा कित्येक वर्षं मागत होते. ते काही मिळालं नव्हतं. रंगाला मात्र पैसे होते. गार नळ्यांत चढलेलं मीठ तिथेच थिजलं होतं. टाकीतल्या छोट्या विजेच्या तापकामुळे खालचं मीठ तेवढं पातळ राहिलं. कुलसचिव पाहुण्यांना आणायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते.

दुपारी समिती आली. अध्यक्ष मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "वा, किती शिस्तबद्ध." कुलसचिव हसले.

आजोबांनी काय झालं ते सांगायला सुरुवात केली. कुलसचिव हळूच म्हणाले, "बोरसे सर, निदान आज तरी तक्रारी नकोत."

मला इतका संताप आला की मी ताटल्या घेऊन थेट अध्यक्षांसमोर गेले. पाच ताटल्या एकसारख्या लावल्या, पाच कोमट ठिपके दाखवले. मग एकेक वळवली आणि मेण वितळवलं. "तुमच्यासाठी यांनी आरसे एका रांगेत लावले, म्हणून आज मनोरा गार आहे," मी म्हणाले.

अध्यक्षांनी शेवटपर्यंत नीट पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. कळलं नसतं तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

"हुशार आहेस," ते म्हणाले. "पण बेटा, आम्हाला जे चालू दिसतं तेच लिहावं लागतं." मग ते चहाला फलक विभागात गेले.

संध्याकाळी मेसमध्ये भात गॅसवर शिजला. विभाग सत्राच्या शेवटी बंद करावा, असं समितीने लिहिलं. परिसर आदर्श आहे, असंही लिहिलं.

पाहुणे गेल्यावर कुलूप निघालं. मला वाटलं, आजोबा आता घरी जाऊन झोपतील. ते दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून मैदानावर हजर.

"बंदच होणार आहे, तर नळ्या मोकळ्या करून काय उपयोग?" मी विचारलं.

"वृंदाला शिकायचंय. सत्र अजून संपलेलं नाही."

सगळे आरसे एकदम मनोऱ्यावर रोखायचे नव्हते. मीठ वितळताना फुगतं. नळीच्या मध्येच वितळलं तर दोन्हीकडे दगड, फुगायला जागा नाही, आणि नळी फुटते. म्हणून वृंदाताईने नळीच्या वरच्या उघड्या टोकावर आधी थोडेच आरसे रोखले आणि तो उजेड बोटबोट खाली आणला. तीन दिवस ती जेवायलासुद्धा मैदानावरून हलली नाही. चौथ्या दिवशी नळीतून मीठ टाकीत पडल्याचा आवाज आला. त्या रात्री मेसचा भात उन्हावर शिजला. बघायला कुणीच आलं नाही. आम्ही दोन दोन वेळा वाढून घेतला.

सत्राच्या शेवटी मैदान मोकळं करायचा हुकूम निघाला. आरसे दीक्षान्त सभागृहाच्या भिंतींना लावायचं ठरलं. "लावा," आजोबा म्हणाले, "निदान स्वतःची तोंडं तरी दिसतील." पण वृंदाताईने भांडून चाळीस आरसे, टाकी आणि मीठ आश्रमशाळेसाठी मागून घेतलं. पुशा भंगारात निघाला होता, तोही तिने नेला. मी सुट्टीत तिच्याबरोबर गेले.

आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरामागे एक छोटा मनोरा आणि समोरच्या उतारावर आरसे उभे करून झाले. पुशाने विचारलं, "जुने कोन लावू?"

"जुने इथे चालायचे नाहीत," वृंदाताई म्हणाली. "जागा बदलली, मनोरा बदलला. प्रत्येकाचा कोन नव्याने काढावा लागेल."

प्रवेशाची वाट बघणाऱ्या त्या दोघी जणी तिथेच उभ्या होत्या. त्यांना शिकवायला आता कुठलाच विभाग नव्हता. वृंदाताईने त्यांना जवळ बोलावलं आणि दोरी नि कोनमापक माझ्या हातात दिलं.

मी पहिल्या आरशापाशी गेले. एका मुलीला सूर्याच्या दिशेने हात धरायला सांगितला, दुसरीला मनोऱ्याच्या दिशेने. मग दोन्ही हातांच्या मधून दोरी ताणली.

"बरोबर मध्ये," मी म्हणाले. "पुशा, या वेळी तुला काही चुकीचं वाटलं तर कुणी विचारलं नाही तरी सांग."

"दोरी किंचित डावीकडे गेली आहे," पुशा म्हणाला.

मी ती सरळ केली.