काळ्या पट्टीमागची खुर्ची

दसरा होऊन आठवडा झाला होता. सोमवारी सकाळी आसेगावहून मंगरूळपीरला जाणाऱ्या एसटीत हरीओम बसला, तो फक्त एक काळी चिकटपट्टी आणायला. स्टँडजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याने पट्टी मागितली, तसं दुकानदाराने विचारलं, "किती वायर जोडाची हाय?"

"वायर नाही. अर्धं जग झाकायचंय," हरीओम म्हणाला.

दुकानदाराने एकदा त्याच्याकडे, एकदा त्याच्या लांब केसांकडे पाहिलं. "मंग दोन घेऊन जा," तो म्हणाला.

हरीओम अशीच वाक्यं बोलायचा. दहावीनंतर तो शिकायला बाहेर पडला, ते शेवटची दोन वर्षं कोलकात्यात सिनेमा शिकूनच उन्हाळ्यात परतला. आपल्या मातीत, आपल्या बोलीत सिनेमा करायचा, मुंबईची वाट बघायची नाही, असा त्याचा पण होता. फक्त ती बोली त्याच्या तोंडात आता बसत नव्हती. पंचफुलाबाई, त्याची आई, पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मले आई कायले म्हणतं रे? पाव्हणा आल्यासारखं वाटते. माय म्हण." त्याने म्हणून पाहिलं. तिलाच हसू आलं. मग तो विषय दोघांनीही काढला नाही.

सिनेमासाठी त्याने निवडलेली गोष्ट विलायती होती, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची. एक सज्जन डॉक्टर औषध पितो आणि त्याच्या आतला दुसरा माणूस बाहेर येतो. वसतिगृहात हरीओमने या गोष्टीवरचे सापडतील तितके सिनेमे पाहिले होते. मुके, काळेपांढरे, रंगीत. सगळ्यांत एकच प्रकार. औषध पोटात गेलं की डॉक्टरला केस फुटायचे, दात पुढे यायचे, पाठीला बाक यायचा. हरीओमला त्याचा राग यायचा. वाईट माणूस बघताक्षणी ओळखू येतो, यापेक्षा मोठी थाप कोणती? त्याच्या सिनेमात डॉक्टर वऱ्हाडातला असणार होता आणि दुसऱ्या माणसाचा चेहरा जराही बदलणार नव्हता. एका टेबलाशी दोघं समोरासमोर बसणार. दोघंही तेच.

हे काम कंप्युटरवर चुटकीसरशी झालं असतं. पण हरीओमला ते जुन्या माणसांसारखं करायचं होतं. कॅमेऱ्यापुढे लाकडी चौकट. तिचा उजवा अर्धा भाग काळ्या पट्टीने बंद करायचा आणि डाव्या खुर्चीतला डॉक्टर टिपायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, कॅमेरा तसूभर न हलवता, डावा भाग बंद करून उजव्या खुर्चीतला दुसरा माणूस टिपायचा. मग दोन्ही अर्धे जोडायचे.

दोन्ही माणसं धनराज करणार होता. शाळेत तो हरीओमच्याच बाकावर बसायचा. गावाशेजारच्या बंजारा तांड्यावर त्याचं घर. दहावीनंतर दरवर्षी तो टोळीबरोबर ऊसतोडीला जायचा, आणि गावात असला की जगदेवबुवांच्या दंडारीत, गावच्या त्या लोकनाट्यात, सोंगं घ्यायचा. जगदेव म्हणजे हरीओमचे मोठे चुलते. दंडार आता वर्षातून एखाद्या वेळीच व्हायची, पण धनराज उभा राहिला की बाया पदर तोंडावर धरायच्या.

शूटिंग जगदेवबुवांच्याच टिनाच्या गोदामात होतं. सोयाबीनची पोती भिंतीला लावून मधे टेबल, दोन खुर्च्या, एक औषधाची बाटली. आत भट्टीसारखं तापलेलं. सोयाबीनच्या भुश्श्याचा कोरडा वास नाकात बसलेला. छपराला एक भोक होतं. त्यातून पडलेला उन्हाचा ठिपका बरोबर चार वाजता बाटलीवर यायचा. म्हणून वेळ चारची.

डॉक्टरला बोलायला समोर कोणीतरी हवं. त्या सोमवारी चार वाजता कॅमेरा चालू करून हरीओम स्वतःच पट्टीमागच्या उजव्या खुर्चीत जाऊन बसला. तो कॅमेऱ्याला दिसणार नव्हता. फक्त दुसऱ्या माणसाची वाक्यं म्हणायची.

धनराजने मान वर केली. समोर धनराज नव्हताच. एक दमलेला, भला डॉक्टर होता. त्याच्या डोळ्यांत स्वतःचीच भीती होती.

"कोण होय तू?" डॉक्टरने विचारलं. "कायले आला?"

"तुले जे मागाची लाज वाटते," हरीओम म्हणाला, "ते घ्यायले आलो मी."

हे वाक्य त्यानेच लिहिलं होतं. पण आज ते कुठून आलं, त्याला कळलं नाही. तो धनराजकडे बघत होता आणि त्याला आठवत होते कोलकात्याचे सर. पहिल्या वर्षी हरीओमला नट व्हायचं होतं. सर म्हणाले होते, तुला छान बघता येतं, पण तुझ्यात काही दिसत नाही. तू कॅमेऱ्यामागे जा. आणि इथे हा कोयता धरणारा गडी, शिकला ना सवरला, नुसती मान वर करतो आणि...

ठिपका बाटलीवरून सरकला. धनराज उठून घाम पुसत म्हणाला, "लेका, ते वाक्य तू जबरा बोलला बे. माह्या अंगावर काटा आला."

बाहेर धनराजची आई धनीबाई येऊन थांबली होती. जगदेवबुवांच्या दंडारीची रीतच तशी होती. ज्याने सोंग घेतलं, त्याला घरच्या बाईने त्याच्या नावाने तीन हाका मारायच्या. पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. तिसरीला द्यायची आणि मगच घराकडे वळायचं. जो तिसरीला ओ देतो, तो घरात येतो. बाकी जे काय असेल, ते बाहेर राहतं.

"धनराज!" धनीबाईने हाक मारली. तो गप्प. "धनराज!" तो गप्प. "धनराज!"

"ओ, याडी," तो आईला म्हणाला, आणि एकदम नेहमीचा झाला. तंबाखू मळू लागला.

हरीओमने ते सगळं मोबाईलवर टिपलं. फार सुंदर, फार आपलं, असं त्याला वाटलं. जगदेवबुवा त्याच्याजवळ आले.

"तुह्या मायले बलावू का?"

"मला कशाला, मोठेबाबा? मी कुठे सोंग घेतलं? मी तर पट्टीमागे होतो."

"बोलला तं तू."

"पण दिसलो नाही ना."

म्हाताऱ्याने पोत्यावरची धूळ झटकली. आणि तो निघून गेला.

त्याच संध्याकाळी हरीओमने डॉक्टरचा तो तुकडा सरांना पाठवला. मंगळवारी सकाळी उत्तर आलं. हा मुलगा कोण आहे? शुक्रवारी मुंबईत एका मोठ्या सिनेमासाठी निवड आहे, मी बोलून ठेवलंय, त्याला काहीही करून पाठव. बस. चौकटीबद्दल, उन्हाच्या ठिपक्याबद्दल, हरीओमबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्याने निरोप चारदा वाचला आणि मोबाईल खिशात टाकला. टोळीचा ट्रक बुधवारी संध्याकाळी निघणार होता. तो एकदा गेला की धनराज सहा महिने उसाच्या फडात.

चार वाजता दुसरा अर्धा भाग झाला. डॉक्टरची वाक्यं या वेळी जगदेवबुवांनी म्हटली. धनराज उजव्या खुर्चीत दुसरा माणूस होऊन बसला. चेहऱ्याची रेषही न बदलता तो असा बसला, की बुवा पुढचं वाक्यच विसरले.

"तुह्या सरनं काई म्हटलं का रे?" नंतर धनराजने विचारलं. हसत, पण नजर खाली. "म्हंजे... मी बरा दिसलो का, असं."

"अजून बघितलं नसेल त्यांनी," हरीओम म्हणाला. इतकं सहज म्हणाला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दिवेलागणीला तो खोलीत दार लावून, डोक्यावरून घोंगडी घेऊन लॅपटॉपपुढे बसला. आधी सोमवारचा तुकडा. डावीकडे डॉक्टर, उजवीकडे काळोख.

काळोख सगळीकडे सारखा नव्हता.

पट्टीच्या फटीतून उजेड गेला असेल. त्याने उजळपणा वाढवला. काळ्यातून खुर्चीची पाठ वर आली. मग एक खांदा. मग कोणाचीतरी मान, कॅमेऱ्यापासून पलीकडे वळलेली. आपणच, हरीओमला वाटलं. त्याने तुकडा पुन्हा लावला. या वेळी कानाची पाळी दिसली आणि गालाचा काठ. तिसऱ्यांदा लावला. चेहरा अर्धा वळला होता. त्याचाच चेहरा. केस नव्हते फुटले, दात नव्हते आले. फक्त आरशात कधी न दिसलेलं काहीतरी त्यात दिसत होतं. बघत राहावं असं.

वाक्य संपलं. हरीओमला पक्कं आठवत होतं, वाक्य संपल्यावर आपण गप्प बसलो होतो. पडद्यावरचे ओठ मात्र हलतच राहिले. आवाज नव्हता. सावकाश, कुणाला समजावून सांगावं तसे...

त्याने लॅपटॉप मिटला. घोंगडीच्या आत सोयाबीनच्या भुश्श्याचा वास येत होता.

बुधवारी उठताच त्याने ठरवलं, धनराजला सांगून टाकायचं. ठरवलं आणि गोदामात जाऊन आवराआवर करत बसला. खुर्च्या उचलल्या. पट्टी सोडवून पुन्हा गुंडाळली. हे झालं की जाऊ, ते झालं की जाऊ. निघाला तेव्हा पाच वाजले होते.

तांड्यावर धनीबाई दारात एकटीच होती. ट्रकची चाकं मातीत उमटलेली दिसत होती.

"धनराज कुठे आहे, मावशी?"

"गेला ना बेटा. मुकादमानं लवकर काढला ट्रक." तिने त्याला न्याहाळलं. "तू तं दुपारी येऊन भेटला त्याले. आता पुन्हा काहून?"

"मी?... मी गोदामात होतो."

"इथी बसला होता तू. च्या पेला. म्हने, सरनं नाई म्हटलं, तुह्यात दम नाई म्हने. लय रडलं माह्यं लेकरू. तूबी रडला." तिने दाराशी पडलेला रिकामा कप उचलला. "तुह्या डोळ्यातलं पाणी पाहूनच त्यानं मानलं."

हरीओमने खिशातून मोबाईल काढला. दिवसभर तो त्याच्याच खिशात होता. सरांना एक वाजून दहा मिनिटांनी निरोप गेलेला होता. तो मुलगा ऊसतोडीला निघालाय, येणार नाही. त्याच्या जागी मी येऊ? एकदा बघा मला. खाली स्वतःच्या चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ. आणि त्याखाली सरांचं उत्तर. हे तुझ्यात कुठे दडलं होतं? शुक्रवारी ये.

त्याने धनराजला फोन लावला. मागे ट्रकची घरघर, बायांचा गलका.

"धनराज, उतर! सरांनी तुलाच बोलावलंय. दुपारी जो आला होता तो मी नव्हतो!"

पलीकडे कोणाला तरी गप बसा म्हटल्याचं ऐकू आलं.

"दुपारी येक, आता येक," धनराज म्हणाला. "कोनाचं खरं मानू बे मी? दुपारचाच खरा वाटला मले. तू आता... पाठ केल्यावानी बोलून राह्यला." आणि मग थकल्या आवाजात, "घरी जाय लेका. सोंग उतरव."

रेंज गेली. पुन्हा लागली नाही.

अंधार पडायच्या आत घर गाठायचं, एवढंच हरीओमला सुचलं. कापलेल्या सोयाबीनच्या रानातून तो पळत सुटला. पळता पळता त्याने घरी फोन लावला. "आई, काही विचारू नकोस. दारात उभी राहा आणि मला नावाने तीन हाका मार. थांबून थांबून. मी पोचतोय."

"काय झालं रे? आवाज असा काहून?... मारतो बापा, मारतो."

गल्लीच्या तोंडाशी तो पोचला, तेव्हा पंचफुलाबाई उंबऱ्यात उभी होती. मागे घरातला दिवा. तिचं तोंड गल्लीकडेच होतं, थेट त्याच्यावर. पण तिची नजर त्याच्यावरून पुढे गेली, मागे आली, कुठेच थांबली नाही. काळ्या पट्टीकडे बघावं तशी.

"हरीओम!"

त्याने ओठ दाबून धरले. रीत मोडायची नव्हती.

"हरीओम!"

अजून दहा पावलं. त्याने छाती भरून श्वास घेतला. एकच शब्द बोलायचा होता. तो शब्द त्याने मनात घोळवला, उन्हाळ्यात घोळवला होता तसा.

"हरीओम!"

त्याने तोंड उघडलं. त्याआधीच तिच्या मागून, घराच्या आतून, ओ आली.

"ओ, माय. आलो."

पंचफुलाबाईचा चेहरा खुलला. ती आत वळली आणि दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

आवाज हुबेहूब हरीओमचा होता. फक्त त्यातला "माय" कसा आला होता... अगदी गावातला, जिभेवर वाढलेला, जराही पाठ न केलेला. हरीओम अंधारात उभा राहिला आणि त्या तशा घटकेलाही, भीतीच्या आधी, त्याला त्या आवाजाचा हेवा वाटला.