सहा मिनिटं बारा सेकंद

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी घरातसुद्धा काढत नाही.

दोन हजार एकवीसचा मे महिना होता. वाशीममधल्या एका खासगी दवाखान्यात मी सीटी स्कॅन काढायचं काम करत होते. कोरोनाची दुसरी लाट. दिवसाला तीस-चाळीस जणांच्या छातीचे स्कॅन. प्रत्येकानंतर यंत्र पुसायचं, खोली थोडा वेळ बंद ठेवायची, की पुढचा आत. त्या दुपारीही मी अंगावर किट चढवून टेबल पुसत होते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत यंत्रासाठी ठेवलेली ती कोरडी थंडी. ब्लीचिंगचा वास नाकातून थेट डोक्यात जायचा.

पावणेतीनला डॉक्टर संघपाल इंगोलेंचा फोन आला.

"उज्ज्वलाताई, टेबल मोकळं ठेवा. लकव्याचा पेशंट आहे. आणतोच."

स्ट्रेचरवर साठीतला एक माणूस होता. शालिकराम नाव, किन्हीराजा गावाजवळ वांगी-टमाटे पिकवणारे. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लोंबत होता, आणि डोळे मात्र लख्ख उघडे. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण घशातून नुसता घरघर आवाज येत होता. सोबत मुलगा, मुकेश. घामानं भिजलेला.

"यांना शेवटचं चांगलं कधी पाहिलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी सात वाजता, साहेब. मी तालुक्याले, मालेगावले भाजी घेऊन गेलतो. दीडले आलो तं हे बांधावर पडेल होते."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. पण ते लकवा आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. आणि लकवा कधी आला हे ठाऊक नसेल, तर माणूस शेवटचा धड दिसला तिथपासून तास मोजायचे. सातपासून मोजले तर वेळ केव्हाच टळली होती.

"स्कॅन तर काढू," ते म्हणाले. "छातीचाही काढा. कोरोनाचा रिपोर्ट आलेला नाही."

खिशातला फोन, चुन्याची डबी असं सगळं मी ट्रेमध्ये काढून घेतलं. त्यांना पट्ट्यांनी नीट बांधलं, जड दार लावलं आणि तो ट्रे घेऊन काचेपलीकडे माझ्या खुर्चीत येऊन बसले. आत आता शालिकराम एकटे. पेशंट घाबरला तर ऐकू यावं म्हणून आतला माइक कायम चालू असतो. यंत्र फिरू लागलं. स्पीकरमधून त्यांचा श्वास येत होता, जड, अडखळत.

मग त्यांच्या श्वासाच्या मधेमधे दुसरा एक श्वास ऐकू आला. हलका. बाईमाणसाचा.

"फोन पाहा ना त्याईचा..."

मी काचेतून पाहिलं. टेबलावर शालिकरामांचे पाय. बाकी खोली रिकामी.

"कोण आहे आत?" मी बटण दाबून विचारलं.

"पावणेबाराले बोलले माह्यासंगं... चांगले बोलले... जल्दी करा, बाई..."

पुन्हा नुसतं यंत्र.

मी ट्रेमधला फोन उचलला. साधा, बटणांचा. लावलेल्या फोनांत सगळ्यात वर एकच नाव. सीता. अकरा बेचाळीस. सहा मिनिटं बारा सेकंद.

मी किटसकट धावतच बाहेर आले.

"सर! पावणेबाराला हे फोनवर बोलत होते!"

डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "म्हणजे सव्वाचारपर्यंत वेळ आहे! रक्तस्राव?"

"नाही सर. मेंदू स्वच्छ दिसतोय."

"ही सीता कोण? तिला विचारा, बोलताना अडखळत होते का."

मुकेश फोनकडे पाहतच राहिला.

"माही माय हाय ते..." तो म्हणाला. "बारा दिवस झाले तिले जाऊन. अकोल्याले. कोरोनानं..."

"मग तिचा फोन कोणाजवळ आहे?"

"आमाले तो भेटलाच नाई, साहेब. शिम मीनंच बंद केलं."

डॉक्टरांनी तिथंच तो नंबर लावला. स्पीकरवर बाईचा सरकारी आवाज आला. हा क्रमांक अस्तित्वात नाही.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बाजूच्या वावरात कोणी होतं का सकाळी?" डॉक्टरांनी एकदम विचारलं.

"बेबीबाई! भेंडी तोडून राह्यली होती!"

मुकेशनं फोन लावला. पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज.

"हो ना, पाह्यलं ना म्या. बाराच्या जरा आंधी. विहिरीपाशी उभे होते, फोनवर हासून राह्यले होते. म्या म्हनलं बरं झालं, बाई गेल्यापासून हासलेच नव्हते... काहून रे, काय झालं?"

"शब्द नीट होते का, आजी?" डॉक्टर ओरडलेच.

"नीट नाई तं काय! टमाट्याचं सांगून राह्यले होते कोनाले तरी."

डॉक्टरांनी मुकेशचा खांदा दाबला. "पलीकडे कोण होतं ते मला नको. इकडे तुझे वडील धड होते, एवढं बस." आणि ते वळून ओरडले, "इंजेक्शन काढा! वजन किती यांचं?"

मग जी पळापळ झाली! बीपी, साखर, सुई, तिघीचौघींचे हात एकाच वेळी. तीन पंचवीसला औषध शिरेत गेलं. माझं काम संपलं होतं, पण मी हलले नाही. चष्म्यावर वाफ जमत होती आणि मी त्या उजव्या हाताकडे बघत होते.

चार वाजून दहा मिनिटांनी अंगठा हलला.

"सर..."

मग बोटं. मग मनगट. संध्याकाळी उन्हं उतरता उतरता शालिकराम घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पानी." आम्ही त्या जाडजूड किटमध्ये अक्षरशः उड्या मारल्या. त्या दोन महिन्यांत आम्ही फक्त माणसं जाताना पाहिली होती हो! मुकेश दाराशी बसून ढसाढसा रडला.

मग त्यानंच विचारलं. "बावा, सकाळी कोनासंगं बोलत होते?"

"तुह्या मायसंगं," ते म्हणाले. अगदी रोजचं सांगावं तसं. "तिनं इतलंच सांगतलं... आज खोपीत नोका झोपू. रस्त्याच्या बांधावर जाऊन बसा. पोरगं तिथून येते."

माइकमधल्या आवाजाचं मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. दमलेय, ऐकू आल्याचा भास झाला, अशी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या रेडिओलॉजिस्टांचा लेखी रिपोर्ट आला. ते आमच्या दवाखान्यात कधी आलेलेही नाहीत, चित्रं पाहून तिकडूनच कळवतात. मेंदूत रक्तस्राव नाही. फुप्फुसं स्वच्छ. आणि खाली एक सूचना, जरा चिडूनच लिहिलेली. नातेवाइकाचा हात चित्रात आला आहे. साथीच्या काळात स्कॅन चालू असताना नातेवाइकांना आत थांबू देऊ नये.

मी छातीचं पहिलं चित्र उघडलं. शालिकरामांचे दोन्ही हात अंगालगत बांधलेले, मी बांधले होते तसेच. आणि छातीवर, बरोबर काळजावर, तिसरा हात टेकलेला. बारीक बोटांची हाडं, मनगटाभोवती बांगड्यांची पुसट वर्तुळं.

मनगटाच्या मागे काहीच नव्हतं.